अकरावींत विषय किती घ्यावे?

गोपाळपुरास आषाढीचा काला झाला आणि दिंड्या परतीच्या वाटेला लागल्या, कीं पंढरपूरच्या घरांत दोन-चार दिवस एक निराळीच शांतता नांदते. ओसरीवर आणि माडीवर उतरलेलीं माणसें गेलेलीं असतात, सतरंज्या धुवून गच्चीवर वाळत घातलेल्या असतात, आणि ज्या घरांत त्या वर्षीं दहावी उत्तीर्ण झालेलें मूल आहे, त्या घरांत वारीच्या गर्दीमुळें बाजूला सारलेला एक कागद पुनः जाजमावर येतो. अकरावीस विषय कोणते घ्यावयाचे, ह्याचा तो कागद. कॉलेज ठरलें म्हणजे सर्व ठरलें असें पुष्कळांना वाटतें. परंतु खरा घोळ त्यानंतरच सुरू होतो.

अशाच एका संध्याकाळीं आमच्या शेजारचे एक गृहस्थ आपल्या कन्येला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी हुशार, दहावींत तिनें चांगले गुण मिळविले होते. गृहस्थांनीं कागद पुढें केला. त्यावर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चार विषय सुवाच्य अक्षरांत लिहिलेले, समासांत जेईई, नीट आणि सीईटी ह्या तीन परीक्षांचीं नांवें, त्याखालीं दोन निरनिराळ्या शिकवणीवर्गांच्या वेळा, आणि अगदीं तळाशीं, "वेळ उरल्यास जर्मन." "मास्तर," ते म्हणाले, "दोन्ही दारें उघडीं ठेवलीं आहेत. पुढें हिला वाटेल त्यांतून ही जाईल." मुलगी कांहींच बोलली नाहीं. "वेळ उरल्यास" ह्या शब्दांकडे ती पाहत होती, असें मला वाटलें.

श्रोतेहो, हा कागद कांहीं एकट्या त्या गृहस्थांचा नव्हे. दर वर्षीं हजारों घरांत तो तयार होतो आणि त्यामागें लोभापेक्षां भीतीच अधिक असते. एक विषय सोडला आणि नेमकें तेंच दार पुढें हवें झालें तर काय, ही ती भीति. ती पोकळ आहे असें मी म्हणणार नाहीं. पण तिचें मोल किती द्यावें लागतें, ह्याचा हिशेब मात्र कोणी मांडून पाहत नाहीं. तो आज आपण मांडूं.

आरंभीं ह्या दोन वर्षांची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. १९७५ सालीं महाराष्ट्रांत नव्या रचनेची पहिली दहावी झाली, आणि पूर्वीं शाळेचा शेवट असलेली अकरावी ही बारावीच्या जोडीनें एका स्वतंत्र टप्प्यांत गेली. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास इंग्रजी सक्तीचें असतें. एक दुसरी भाषा असते, किंवा तिच्या जागीं माहिती तंत्रज्ञान घेतां येतें. आणि चार विषय ऐच्छिक असतात. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण हे त्याखेरीज. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र ह्यांना ७० गुणांचा लेखी पेपर व ३० गुणांचें प्रात्यक्षिक. गणिताला ८० आणि २०.

येथें एक गोष्ट पालकांच्या ध्यानांतून निसटते. ऐच्छिक विषय चारच घ्यावयाचे असल्यामुळें, जीवशास्त्र किंवा गणित सोडलें म्हणून चौथी जागा रिकामी राहत नाहीं. तेथें भूगोलासारखा दुसरा विषय बसवावा लागतो. म्हणजे प्रश्न तीन विषय कीं चार, असा नसून, चौथा विषय किती वजनाचा, असा आहे. दुसराहि एक मार्ग आहे, तो द्विलक्षी अभ्यासक्रमाचा, ज्याला मुलें सर्रास "बायफोकल" म्हणतात. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र असा एखादा दोनशें गुणांचा विषय घेतला म्हणजे दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, असे दोन्ही सुटतात. शिवाय त्यांतले निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे. हाताचें काम आवडणाऱ्या मुलाला ही योजना फार मानवते, आणि घोकंपट्टीचा भार हलका होतो. प्रत्येक कॉलेजांत असे विषय नसतात. जें कॉलेज घ्यावयाचें त्याच्या कचेरींत जाऊन, कोणता विषय आहे आणि त्याला शिक्षक आहेत कीं नाहींत, ह्या दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्या. विषय फलकावर असतो आणि वर्गावर कोणी नसतें, असेंहि आढळतें.

आतां दारांविषयीं. अभियांत्रिकीला गणित हवें, वैद्यकीला जीवशास्त्र हवें, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु ह्या दोन दारांच्या मधें जीं दारें आहेत, त्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला गणित किंवा जीवशास्त्र ह्यांपैकीं कोणतेंहि एक चालतें. कृषि पदवीलाहि दोन्ही गटांतून जातां येतें, आणि ऊंस, द्राक्षें व डाळिंब ह्यांच्या ह्या तालुक्यांत ती गोष्ट लहान नव्हे. संरक्षण प्रबोधिनींतून स्थलसेनेंत जाण्यास बारावी कोणत्याहि शाखेची चालते. नौदल आणि वायुदल ह्यांना मात्र भौतिक, रसायन व गणित लागतें. म्हणजे एक विषय सोडल्यानें अर्धें जग बंद होतें, ही समजूत खरी नाहीं. खरोखर बंद होतो तो एकच मोठा दरवाजा. तो आपल्या मुलाला हवा होता काय, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो मुलालाच विचारावा लागतो.

दोन्ही गट एकत्र घेणाराला वाटतें, भौतिक आणि रसायन दोन्हींकडे समानच आहेत. एकच विषय जास्त घेतला तर बिघडलें कोठें? ही गफलत कोठें आहे, तें परीक्षांच्या गुणांवरून कळतें. नीट परीक्षा ७२० गुणांची. तींत १८० प्रश्नांपैकीं ९० जीवशास्त्राचे. म्हणजे बरोबर निम्मी परीक्षा एकट्या जीवशास्त्राची. उलट आपल्या राज्याच्या सीईटींत गणिताच्या गटाची परीक्षा २०० गुणांची. तींत भौतिकाचे ५०, रसायनाचे ५० आणि गणिताचे १००. म्हणजे तेथें बरोबर निम्मी परीक्षा गणिताची. जो विषय एका परीक्षेचा अर्धा भाग आहे, त्याचें दुसरींत नांवहि नाहीं. तेव्हां दोन्ही दारें उघडीं ठेवणारा विद्यार्थी एक विषय जास्त घेत नसतो. तो दोन परीक्षांचे दोन निम्मे खांद्यावर घेत असतो. आणि त्याच्या शेजारच्या बाकावर ज्यानें एकच निम्मा घेतलेला आहे, त्याच्याशीं त्याची स्पर्धा असते.

शिवाय प्रश्नांचा स्वभाव निराळा. जेईईच्या पहिल्या परीक्षेंत तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी पावणेतीन मिनिटांहून कमी. आणि ते विचार करावयास लावणारे. नीटमध्यें तेवढ्याच वेळांत १८० प्रश्न, म्हणजे एकाला एक मिनिट. एकींत थांबून खोल जाण्याची संवय हवी, दुसरींत न अडखळतां पुढें जाण्याची. दोन्हींत चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. सीईटींत कापला जात नाहीं. एकाच भौतिकशास्त्राची तयारी तीन तऱ्हेनें करावी लागते, हें वेळापत्रक आंखतांना कोणी जमेस धरीत नाहीं.

आतां तासांचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आठ तास झोंप लागते. तिच्यांत काटछांट करूं नये. ते ५६ गेले, उरले ११२. स्नान, जेवण, जाणें-येणें आणि घरांतलीं लहानसहान कामें ह्यांना दिवसाचे तीन तास. ते २१ गेले, उरले ९१. कॉलेज सहा दिवस, रोज सहा तास. ३६ गेले, उरले ५५. एक शिकवणीवर्ग धरला तर रोज तीन तासांप्रमाणें १८, उरले ३७. आठवड्यांतून सात तास मुलानें खेळावें, मित्रांशीं बोलावें, वाळवंटांत फिरून यावें किंवा कांहींच न करावें, उरले ३०. भाषा, हलका चौथा विषय आणि प्रयोगवह्या ह्यांना सात तास द्या. राहिले २३. हे तीन अवघड विषयांत वांटले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला पावणेआठ तासांहून किंचित् कमी येतात.

आतां चौथा विषयहि अवघड घ्या. शिकवणी रोज एका तासानें वाढते, म्हणजे १८ च्या जागीं २४. हलका विषय गेल्यामुळें सातांतले दोन तास वांचतात, पांच राहतात. बाकीचें सर्व तेंच ठेवलें तर स्वतःच्या अभ्यासाला १९ तास उरतात, आणि ते चार विषयांत वांटावयाचे. प्रत्येकाला पावणेपांच तास. म्हणजे दर विषयामागें दर आठवड्याला जवळजवळ तीन तास गेले. वर्षाचे चाळीस आठवडे धरले, तर एका वर्षांत एका विषयामागें सव्वाशेंच्या आंतबाहेर तास होतात. हे आंकडे माझे आहेत. आपल्या घरचे आपण घाला, कोणाचे दोन-चार तास इकडेतिकडे होतील. पण हिशेब मांडतांना झोंपेचा रकाना खोडूं नका. पुष्कळ घरांत तोच रकाना प्रथम खोडला जातो, आणि मग मूल पुस्तकासमोर बसलेलें दिसतें म्हणून अभ्यास झाला असें आपण समजतों.

लोकमान्य टिळकांची गोष्ट येथें आठवते. डेक्कन कॉलेजांत गेल्यावर पहिलें वर्ष त्यांनीं मुख्यतः प्रकृति सुधारण्यांत घालविलें, आणि पुढें पदवी पहिल्या वर्गांत मिळविली. आजच्या मुलाला वर्षभर तालीम करण्यास कोणी मोकळीक देणार नाहीं. आठवड्याचे सात तास मागणें तरी फार नसावें.

दुसरी एक मोठी चूक अकरावीच्या वर्षाविषयीं होते. बारावीची परीक्षा मंडळ घेतें, अकरावीची कॉलेज घेतें. म्हणून दहावीच्या श्रमानंतरचें विसाव्याचें वर्ष म्हणून अकरावीकडे पाहण्याची पद्धत पडली आहे. पण नीट आणि जेईई ह्यांचा अभ्यासक्रम अकरावी व बारावी दोन्हींचा असतो, आणि सीईटींत सुमारें एक पंचमांश भाग अकरावीचा येतो. शिवाय भौतिकशास्त्रांतली गति आणि बल, रसायनांतली मोल-संकल्पना, गणितांतलें त्रिकोणमिति हीं अकरावींतच शिकविलीं जातात, आणि बारावीची इमारत त्यांवर उभी राहते. दहावीच्या बीजगणितावरून अकरावीच्या गणितावर जातांना जी पायरी लागते, ती फार उंच आहे. दहावींत पंचाण्णव टक्के मिळविणारीं मुलें पहिल्या चांचणींत निम्म्यावर येतात आणि आपली बुद्धि अचानक कोठें गेली, असें त्यांना वाटूं लागतें. बुद्धि कोठें जात नाहीं. पायरीच उंच असते. अशा वेळीं घरांतून "दहावीला असे नव्हते हो" हें वाक्य जितकें कमी ऐकूं येईल तितकें बरें.

मराठी माध्यमांतून आलेल्या मुलापुढें आणखी एक अडचण उभी राहते. शाळेंत त्यानें "संवेग" आणि "विद्युतधारा" असे शब्द शिकलेले असतात आणि अकरावीच्या पहिल्या तासाला ते सगळे एकदम इंग्रजींत ऐकूं येतात. सेमी-इंग्रजी घेतलेल्यांना हा धक्का कमी बसतो. नीट आणि जेईईची पहिली परीक्षा मराठींतून देतां येते, हें पुष्कळांना ठाऊकच नसतें. जेईईची पुढची परीक्षा, जिला ॲडव्हान्स्ड म्हणतात, ती मात्र केवळ इंग्रजी व हिंदींत असते, आणि सीईटींतला गणिताचा पेपर इंग्रजींतच. तेव्हां मराठी माध्यमाच्या मुलानें पहिले दोन-तीन महिने भाषेकरितां म्हणून वेगळे धरावे आणि त्या काळांत जादा विषयाचा भार घेऊं नये. शब्दांची एक वही करावी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. दिवाळीपर्यंत ती वही बहुधा अडगळींत पडते. तिचें काम झालेलें असतें.

आमच्या गांवाला वर्ष मोजण्याचें एक आपलें माप आहे: आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. परीक्षांचें पंचांग त्यावर ठेवून पाहिलें तर पंढरपूरच्या मुलाची अडचण स्पष्ट दिसते. २०२५ सालीं बारावी दिलेल्या मुलांचेंच वर्ष घ्या. १७ जुलै २०२४ रोजीं आषाढी. कॉलेज नुकतें रुळूं लागलेलें आणि घर पाहुण्यांनीं भरलेलें. १२ नोव्हेंबरला कार्तिकी. दिवाळी नुकतीच संपलेली. २२ जानेवारी २०२५ पासून जेईईचें पहिलें सत्र. ८ फेब्रुवारीला माघी एकादशी आणि ११ फेब्रुवारीला बारावीची परीक्षा सुरू. मधें अवघे दोन दिवस. ८ एप्रिलला चैत्री एकादशी. त्याच आठवड्यांत जेईईचें दुसरें सत्र चाललेलें, आणि ९ एप्रिलपासून सीईटीचा जीवशास्त्राचा गट, १९ पासून गणिताचा. ४ मे रोजीं नीट. ज्यानें सर्वच परीक्षांना नांव घातलें होतें, त्याला जानेवारीपासून मेपर्यंत एक आठवडाहि सलग स्वतःचा असा मिळाला नसेल.

म्हणून वेळापत्रक पुढून नव्हे, शेवटून आंखावें. आपली मुख्य परीक्षा कोणती तें ठरवून तिच्या आधींचे सहा आठवडे उजळणीसाठीं कोरे ठेवावे. मग मंडळाची लेखी परीक्षा व प्रात्यक्षिकें मांडावीं. मग वारीचे आठवडे वजा करावे. ज्या घरांत वारकरी उतरतात, तेथें त्या दिवसांत अभ्यास होईल असें कागदावर लिहिणें म्हणजे स्वतःला फसविणें आहे. त्या दिवसांत मुलानें पाणी भरावें, पंगतीला वाढावें, आणि मन मोकळें करावें. तो आठवडा आधींच हिशेबांतून काढलेला असला म्हणजे बुडाला असें वाटत नाहीं. उरलेल्या आठवड्यांत धडे वांटावे. वांटून झाल्यावर शेवटचे धडे कोऱ्या ठेवलेल्या आठवड्यांत शिरूं लागले, तर विषय जास्त झाले असें समजावें. पालखीचे मुक्काम असेच ठरलेले असतात. दिवे घाटाचा टप्पा अवघड, म्हणून त्यापूर्वीं पुण्यास आणि त्यानंतर सासवडास मुक्काम लांबविलेला असतो.

मंडळाच्या परीक्षेला किती महत्त्व द्यावें, हेंहि विचारलें जातें. हल्लीं अभियांत्रिकीचा आणि वैद्यकीचा क्रम प्रवेशपरीक्षेवरून लागतो. बारावीचे गुण हा उंबरठा आहे. वैद्यकीला खुल्या वर्गासाठीं भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के, राज्यांतल्या अभियांत्रिकीला ४५ टक्के, आणि जेईईवरून राष्ट्रीय संस्थांत जावयाचें तर सामान्यतः ७५ टक्के. उंबरठा उंच नाहीं, परंतु तेथें अडखळून पडलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत. प्रयोगशाळेंत न जातां केवळ हजेरीपुरतें कॉलेज घेण्याची जी पद्धत शिकवणीवर्गांच्या सोयीसाठीं रूढ झाली आहे, तिचा परिणाम येथें दिसतो.

लातुरास पाठवावें काय, हा तर ह्या भागांतला नित्याचा प्रश्न. तेथल्या पद्धतीचें नांव झालें आहे तें नियमित चांचण्यांमुळें आणि शिस्तीमुळें, हें खरें. परंतु घर सोडून राहणें हा स्वतःच एक विषय आहे आणि तोहि तासांच्या हिशेबांत धरला पाहिजे. जें मूल घरीं स्वतः उठून अभ्यासाला बसतें, त्याला गांवांतच ठेवून महिन्याला एक कसून चांचणी देण्याची व्यवस्था केली, तर बहुतेक काम होतें. अभियांत्रिकीचें महाविद्यालय गोपाळपुरास १९९८ पासून आहे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरास १९६३ पासून. पुढचें शिक्षण दूरच आहे असेंहि नाहीं.

दोन्ही गट कोणीच घेऊं नयेत, असें माझें म्हणणें नाहीं. ज्या मुलाला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही मनापासून आवडतात, ज्याला पुढें जैवतंत्रज्ञानासारख्या विषयाकडे जावयाचें आहे, त्यानें खुशाल घ्यावे. त्यानें परीक्षा मात्र एकच मुख्य धरावी आणि दुसरा विषय बारावीपुरता अभ्यासावा. ज्याचा निर्णय होतच नाहीं, त्यानें दोन्ही घेऊन पहिले कांहीं आठवडे पाहावें. परंतु बदलाची मुदत किती आहे, तें कॉलेजाला पहिल्याच दिवशीं विचारून ठेवावें. मुदत टळली कीं मग दोन वर्षें तो भार उतरत नाहीं.

त्या संध्याकाळीं हा सर्व हिशेब मीं त्या गृहस्थांपुढें कागदाच्या पाठीमागें मांडला. पावणेपांच तासांचा आंकडा पाहून ते कांहीं वेळ गप्प बसले. मग त्यांनीं कन्येकडे पाहिलें आणि त्या घरांत तोंवर कोणी न विचारलेला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "बाबा, मला बेडूक कापायचा नाहींच आहे. मला गणितच आवडतें." बारावीच्या प्रयोगांत आतां बेडूक कापावा लागत नाहीं, हें मीं तिला सांगितलें, पण त्यानें तिच्या उत्तरांत फरक पडला नाहीं. जीवशास्त्राच्या जागीं तिनें भूगोल लिहिला. जर्मनवर तिनें काट मारली नाहीं. पुढचे "वेळ उरल्यास" हे शब्द तेवढे खोडून तिनें तेथें "रविवार, एक तास" असें लिहिलें.